वाटी बुडेपर्यंत

आनंदचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवर गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. हातमोज्यांमुळे फोन उचलता येईना, म्हणून एक मोजा दातांनी ओढून काढला, तोवर रिंग थांबली. मीच उलट लावला, तर तो एवढंच म्हणाला, "बाबा गेले. सकाळी, झोपेतच." मी म्हटलं, "येते मी," आणि मग खुळ्यासारखी उरलेली सगळी काच खरवडत बसले, कडेकडेनं, बाजूच्या आरशांसकट, जशी एरवी कधीच खरवडत नाही. शुक्रवारी दुपारीच मी त्यांच्याजवळ तासभर बसून आले होते. जे बोलायला गेले होते ते न बोलताच परतले होते. सोमवारी पुन्हा जाऊ, तेव्हा नक्की बोलू, असं येताना गाडीत ठरवूनही टाकलं होतं... आणि हा सोमवारच होता.

भास्करराव देशकर, म्हणजे आमचे देशकरकाका, अमरावतीच्या एका कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले. त्यांची बायको, सुमनकाकू, गेल्या आणि वर्षभरातच त्यांच्या मुलानं, आनंदनं, त्यांना इकडे, ओहायोतल्या डब्लिनला आणलं. आमच्याच कॉलनीत, तीन घरं सोडून. पहिली भेट झाली ती टपालाच्या पेट्यांपाशी. कानटोपी, वर मफलर, आनंदचं जुनं ढगळ जॅकेट आणि पायात मोज्यांवर चपला. "काय करून राहिली तू इथं?" त्यांनी ओळखदेख नसताना विचारलं. मी म्हटलं, "नवऱ्याची नोकरी आहे काका. सेटल होतोय आम्ही." "सेटल म्हणजे नेमकं काय गं?" मी आपलं सांगितलं, ग्रीन कार्ड, स्वतःचं घर, मुलीला चांगली शाळा. "बरं. ते झाल्यावर?" "मग काय, मग मजेत राहायचं." "आत्ता राहायला कोणी मनाई केली आहे का?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच माहिती हवी असल्यासारखं ते विचारत होते. मला मात्र राग आला. कोण कुठले हे, आणि मला काय विचारतात! त्या संध्याकाळी मी आमटीत मीठ दोनदा घातलं.

पुढे कळलं, की हे सगळ्यांनाच असं विचारतात. आनंदच्या घरी जेवायला आलेल्या एका सीनियर डॉक्टरांना त्यांनी "पुरेसं म्हणजे किती?" असं विचारलं, आणि ते डॉक्टर श्रीखंड अर्धं टाकून उठले म्हणे. उलटून कोणी त्यांनाच विचारलं, "मग तुम्हीच सांगा," तर त्यांचं उत्तर ठरलेलं. "मला माहीत नाही." हे ते इतक्या मोकळेपणानं म्हणायचे, की लोकांना तो आखडूपणा वाटायचा. तीस वर्षं प्रोफेसर असलेला माणूस, याला माहीत नाही म्हणजे काय? मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळानं त्यांना रविवारची मराठी शाळा सोपवली. लायब्ररीची एक खोली, नऊ ते तेरा वयाची पंधरा-सोळा मुलं, त्यात आमची सई, अकरा वर्षांची. अपेक्षा अशी, की पोरांना बाराखडी यावी आणि भारतात गेल्यावर आजीशी चार वाक्यं बोलता यावीत. काकांनी दोन महिने ससा, घर, पाऊस केलं आणि तिसऱ्या महिन्यात मुलांसमोर सॉक्रेटिसला आणून उभं केलं. त्यांचं म्हणणं, मुलं भाषा शिकत नाहीत कारण त्या भाषेत त्यांना सांगण्यासारखं काही नसतं. आधी भांडायला विषय द्या, शब्द ती आपोआप मागतील. आणि खरंच मागायला लागली. सई घरी येऊन मला विचारायची, "आई, 'अनफेअर'ला मराठीत काय म्हणतात?"

या शाळेत बोलायचा एक नियम होता आणि तो होता वाटीचा. काकांनी सुमनकाकूंच्या संसारातली एक लहान स्टीलची वाटी बरोबर आणली होती. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालून देतात तसं तिच्यावर कोरलेलं होतं, 'चि. सौ. सुमन हिस माईकडून'. त्या वाटीच्या बुडाला त्यांनी आनंदच्या ड्रिलनं एक बारीक भोक पाडून घेतलं. पातेल्यात पाणी भरायचं, वाटी वर सोडायची. ती हळूहळू भरत जाते आणि चारेक मिनिटांनी बुडून तळाला टण् करून लागते. वाटी तरंगते आहे तोवर एकानंच बोलायचं, दुसऱ्या कोणीही तोंड उघडायचं नाही. वाटी बुडाली, की समोरच्याची पाळी. आपल्याकडे पूर्वी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रावर बघत, आणि अथेन्सच्या कोर्टातही आरोपीला बोलायला वेळ द्यायचा तो पाणी वाहून जाईपर्यंत, हे दोन्ही त्यांनी मुलांना एका दमात सांगितलं. "आईच्या वाटीला होल पाडलं बाबांनी," असं आनंद थोडं नाराजीनं म्हणाला होता. काका म्हणाले, "ती आयुष्यभर मला मधे न बोलता ऐकण्याची शिकवणी देत होती. आता जमून राहिलं."

तो सॉक्रेटिसच्या खटल्याचा रविवार मी स्वतः पाहिला, कारण त्या दिवशी सईला आणायला मी लवकर पोचले होते. मुलं न्यायाधीश झाली होती. प्रत्येकाच्या हातात एक छोला आणि एक राजमा. निर्दोष वाटला तर छोला, दोषी वाटला तर राजमा, डब्यात टाकायचा. त्याआधी काकांनी सगळी हकीकत सांगितली, एखादी शेजारच्या गल्लीत घडलेली गोष्ट सांगावी तशी. सत्तर वर्षांचा अनवाणी म्हातारा, बाजारात उभा राहून लोकांना अडवायचा आणि विचारायचा, शौर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, तू ज्याच्यामागे धावतोस ते चांगलं कशावरून. लोकांना वाटायचं आपल्याला येतं, आणि पाच प्रश्नांत लक्षात यायचं, की येत नाही. मग त्याच्यावर दोन आरोप ठेवले. एक, गावाचे देव मानत नाही. दोन, पोरं बिघडवतो. पाचशे माणसांसमोर उभं केलं त्याला. बायकापोरांना आणून रडला असता, माफी मागितली असती, तर सुटला असता. तो म्हणाला, नुसतं जगण्यात काय आहे, चांगलं जगायचं असतं. आणि अन्याय सोसणाऱ्यापेक्षा करणाऱ्याचं नुकसान जास्त होतं. हे काही मुलांना पटेना. एक मुलगा वाटी सोडून म्हणाला, "काका, बट इफ ही हिट्स मी, लागतं मला! त्याला काहीच होत नाही!" वाटी बुडाली तेव्हा काकांनी शांतपणे विचारलं, "खरंच काहीच होत नाही? नीट बघितलं आहेस तू त्याच्याकडे?"

डबा उघडला. राजमे जास्त निघाले. मुलांनी सॉक्रेटिसला दोषी ठरवलं, कारण, "ही वॉज अनॉयिंग, काका!" काका टाळ्या देत हसले. मग सईनं वाटी सोडली. काकांनी सांगितलं होतं, की त्याला गाव सोडून पळून जाता येत होतं, मित्रांनी सगळी सोय केली होती, पण तो गेला नाही. सई म्हणाली, "मग ही कुड जस्ट मूव्ह. दुसऱ्या सिटीत. आपण सगळे मूव्ह झालो ना? आपलं काय रॉंग झालं?" खोलीत मागे उभे असलेले आम्ही चार-पाच आईबाप एकमेकांकडे बघायला लागलो. काका पातेल्याकडे बघत राहिले. वाटी बुडाली, त्यांची पाळी आली. म्हणाले, "मला माहीत नाही बाप्पा. मीपण मूव्ह झालो नं."

मग त्यांनी तो गृहपाठ दिला, ज्यावरून पुढचं सगळं घडलं. घरात मोठ्यांना एक असा प्रश्न विचारायचा, की ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवं आहे, आणि मिळालेलं उत्तर मराठीत लिहून आणायचं. पान उघडं दिलं तर वर्गात वाचलं जाईल. दुमडून दिलं तर काका स्वतःसुद्धा उघडणार नाहीत. झालं! एका घरी पूजा चालू असताना मुलानं गुरुजींना विचारलं, देवाला काही हवं असतं का, आणि हवं असेल तर तो देव कसा. दुसऱ्या घरी मुलीनं पंधरा पाहुण्यांसमोर बापाला विचारलं, "बाबा, तू दर वर्षी म्हणतोस दोन वर्षांनी इंडियात परत जाऊ. यू नो वी आर नॉट गोइंग. मग हे तू कुणाला सांगतोस, आजीला की स्वतःला?" लोक आधी हसले. मग हसेनासे झाले.

आमच्या घरचं वेगळंच होतं. नोव्हेंबरात संजयची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी गेली. त्या सालात कोणाची गेली नाही? पण व्हिसा त्याच्या कंपनीवर होता, पगार जानेवारीपर्यंत मिळणार होता, तेवढ्यात दुसरं काही नाही जमलं तर बॅगा भरायच्या. आम्ही कोणाला म्हणजे कोणालाही सांगितलं नाही. संजय रोज सकाळी टाय लावून, लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचा आणि तीन गावं पलीकडच्या लायब्ररीत जाऊन बसायचा. मी पुण्याला आईला फोन करून सांगायची, सगळं छान चाललंय. सई ऐकायची. एके दिवशी तिनं विचारलं, "आई, तू आजीला सगळं छान आहे का सांगतेस?" मी म्हटलं, "हे त्या वहीत लिहायचं नाही हं." पण मी पाहिलं, तिनं काहीतरी लिहिलं, पान चारदा दुमडलं, तिन्ही बाजूंनी स्टेपल मारले आणि वर हिरव्या डायनासोरचं स्टिकर चिकटवलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या कांचननं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि आवाज खाली आणत म्हणाली, "कळलं गं संजयचं. इतके दिवस बोलली नाहीस?" त्या दिवाणखान्यातल्या सगळ्या बायका माझ्याकडे त्या एकाच नजरेनं बघतायत असं मला वाटलं. घरी आल्यावर मी सईला धरलं. "तुझं पान वाचलं का काकांनी वर्गात?" ती म्हणाली, "नो! दुमडलेलं ते उघडत नाहीत." अकरा वर्षांच्या मुलीवर मी विश्वास ठेवला नाही. मला कोणीतरी दोषी हवंच होतं आणि एक म्हातारा माणूस आयता समोर होता. संजयला यातलं काही बोलले नाही, तो त्याच आठवड्यात सहा महिन्यांच्या कामावर टेक्ससला गेला होता. नोकरी मिळाली, बॅगा भरायच्या राहिल्या. माझा राग मात्र राहिला तसाच राहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी मंडळाच्या कमिटीनं मीटिंग बोलावली. अध्यक्ष सुधीरच्या बेसमेंटमध्ये, एका कोपऱ्यात कॅरम, भिंतीला टेकवलेलं गणपतीचं मखर, मधे घडीच्या खुर्च्या, मागे समोसे. सुधीर तसा भला माणूस, त्याला हे सगळं नको होतं. "काका, यू नो, आम्हाला तुमचा रिस्पेक्ट आहेच," असं म्हणून त्यानं दोन तक्रारी वाचून दाखवल्या. मुलं देवाधर्माबद्दल उलटसुलट विचारतात. मुलं आईबापांना उलट बोलतात. काकांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं ते आता टाळी वाजवतात. "अरे, अगदी तेच दोन!" ते म्हणाले. "अडीच हजार वर्षांत लोकांना तिसरा आरोप सुचला नाही." कोणी हसलं नाही. सुधीर म्हणाला, "काका, पाच मिनिटं घ्या आणि तुमची बाजू सांगा." त्यांनी खांद्यावरच्या कापडी पिशवीतून वाटी काढली आणि सुधीरच्या बायकोकडे पातेलंभर पाणी मागितलं.

वाटी तरंगत होती आणि ते बोलत होते. मी मुलांना उत्तरं शिकवली नाहीत, म्हणाले, कारण माझ्याकडे नाहीत. तुमच्याकडे असतील तर मुलांना द्या, ती घेतील. मला एवढंच वाटलं, की ती इथं मोठी होणार, त्यांना सगळं मिळणार, आणि हे सगळं कशासाठी ते विचारायची सवय मात्र लागायची राहून जाणार. तेवढ्यात मी उभी राहिले. मधे बोलायचं नाही हा नियम मला माहीत होता. तरी मी बोलले. "काका, घरातल्या गोष्टी त्या गृहपाठात लिहून घेतल्या तुम्ही. त्या बाहेर गेल्या. कशा गेल्या?" ते म्हणाले, "दुमडलेलं पान मी उघडत नाही." "मग कशा गेल्या बाहेर?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "मला माहीत नाही." तेच, नेहमीचं! मला तो निव्वळ कावा वाटला. टण् झालं. ते पुढचं वाक्य बोलायला लागले होते, ते तसंच सोडून खाली बसले.

सुधीरनं तोडगा काढला होता. अभ्यासक्रमाचं पुस्तक धरून शिकवायचं, प्रश्न बंद, आणि पालकांना दोन ओळींचं सॉरी. काका म्हणाले, "सॉरी कशाचं, ते कळलं तर म्हणतो. आणि शिक्षाच सुचवायची असेल तर मी सुचवू का? दर रविवारी मंडळानं मला गरम पोहे खाऊ घालावेत. वरून शेव." सॉक्रेटिसनंही शिक्षा म्हणून गावानं आपल्याला सन्मानानं जेवू घालावं असं सुचवलं होतं, हे आमच्यापैकी कोणाला आठवलं नाही. लोकांना तो माज वाटला, आणि दोन-तीन मतं तिथंच फिरली असावीत. शाळा काकांकडून काढून घ्यावी असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, सुधीर म्हणाला. हात वर झाले. सुधीर गडबडला, मोजताना चुकला, पुन्हा चुकला. तेव्हा काकाच उठले आणि वर्गात हजेरी घ्यावी तसे एकेका हातापाशी येऊन मोजत गेले. एक, दोन, तीन... माझ्यापाशी आले. "सात," म्हणाले, आणि त्याच सुरात पुढे गेले. चौदा झाले. विरुद्ध अकरा.

माझ्या एका मतानं काही फरक पडला नसता, हे मी स्वतःला सहा वर्षं सांगत आले. काकांनी एका अवाक्षरानं तो विषय कधी काढला नाही. दुसऱ्याच आठवड्यात टपालाच्या पेट्यांपाशी भेटले, म्हणाले, "सईला पाठव नं. शाळा नाही, पण मी तर आहे." सई जात राहिली. एकटी नाही, हळूहळू त्या चौदांमधल्याही काही घरची मुलं जायला लागली, आनंदच्या स्वयंपाकघरात, पातेलं आणि वाटी घेऊन. मी दिवाळीला फराळ न्यायची, त्यांना दवाखान्यात न्यायची, त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायची, पण ते एक वाक्य मला कधी म्हणता आलं नाही. गाडीत शेजारी बसलेले असायचे, रेडिओ बंद असायचा, आणि मी हवेबद्दल बोलायची. राग कधीच ओसरला होता. पान त्यांनी उघडलं असलं तरी असो, चूक झाली असेल म्हाताऱ्या माणसाची, असं मी मोठ्या मनानं त्यांना माफसुद्धा करून टाकलं होतं! पण तो वर केलेला हात काही खाली येईना. सईच्या वर्गातला तो मुलगा म्हणाला होता, मारणाऱ्याला काहीच होत नाही. त्याला कधीतरी माझ्याकडे पाठवायला हवं होतं.

यंदाच्या हिवाळ्यात काकांचं हृदय थकत गेलं. पायांना सूज, दोन वाक्यांनंतर धाप. दवाखाना नको म्हणाले, घरीच खिडकीपाशी पलंग लावला. त्या शुक्रवारी मी गेले, सून कामावर होती, आनंद खाली फोनवर होता. मी म्हटलं, "काका, तुमच्याशी एक बोलायचं होतं." ते म्हणाले, "बोल नं." मी त्यांची चादर सारखी करत बसले. मग त्यांनी हातानं दाखवलं, "वाटी आण." मी पातेलं आणलं, स्टुलावर ठेवलं, वाटी सोडली. त्यांनी डोळे मिटले. आणि मी... मी बर्फाबद्दल बोलले. सईचे कॉलेजचे अर्ज गेले, त्याबद्दल बोलले. आमच्या बेसमेंटमध्ये पाणी झिरपतं, त्याबद्दल बोलले. ते मधे एक शब्द बोलले नाहीत, नियमच तसा. टण् झालं. "झालं बोलून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "झालं." त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. "वाटी इथंच आहे. पुन्हा ये."

फ्युनरल होममध्ये आम्हाला पाऊण तास मिळाला होता. काळे कोट घातलेली सगळी मराठी मंडळी आली होती, त्या चौदांपैकी जे इथं उरलेत ते सगळे. सुधीर बोलला, काकांनी आमच्या मुलांना विचार करायला शिकवलं, वगैरे. मला त्याचा राग आला नाही. मी कुठल्या तोंडानं रागवणार? मुलांपैकी काही आता दाढीमिशांची झालीत, ती एका ओळीत उभी होती. सई सगळ्यांत शेवटी. ती हुंदके देत होती आणि मी तिला जवळ घ्यायला गेले तर तिनं घेऊ दिलं, एवढं तरी झालं.

पंधरा दिवसांनी आनंदनं ती कापडी पिशवी आणून दिली. "ही बाबा सगळीकडे बरोबर न्यायचे. वाटी तुला द्यायची असं म्हणाले होते. बाकीचं तूच बघ, मुलांचं आहे." आत वाटी होती आणि एक तपकिरी पाकीट. पाकिटावर काकांच्या हातचं, 'न उघडलेली'. मी ते जेवणाच्या टेबलावर उलटं केलं. सात-आठ पानं पडली, दुमडलेली. त्यात एकावर हिरवा डायनासोर, रंग उडालेला. तिन्ही बाजूंचे स्टेपल गंजलेले, पण जिथल्या तिथे. मी ते उलटसुलट करून पाहिलं. कुठेही भोक मोठं झालेलं नाही, कागद कुठे फाटलेला नाही. सगळीकडे नेत होते, आनंद म्हणाला. म्हणजे त्या बेसमेंटमध्येही ते पाकीट त्यांच्या खांद्यावरच होतं. मी उभी राहून त्यांना जाब विचारत होते तेव्हा नुसता हात घालून ते पान काढता आलं असतं त्यांना, आणि सगळ्यांना दाखवता आलं असतं, हे बघा. पण मग ते पान कोणाचं, हेही सगळ्यांना दिसलं असतं.

संजय शेजारी बसला होता. त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं, हळदीकुंकू, मीटिंग, माझा हात. "अगं, पण ते तर मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "सिनसिनाटीच्या माझ्या मित्राला. नोकरीचं बघ म्हणून. त्याची बायको आणि कांचन मैत्रिणी आहेत ना... तुला राग येईल म्हणून तुला बोललो नाही." बस्स, इतकं साधं होतं. काकांना माहीत नव्हतं, म्हणून ते मला माहीत नाही म्हणाले होते.

पान मी सईला दिलं. तिनं नखानं एकेक स्टेपल काढला, वाचलं, आणि माझ्याकडे सरकवलं. वेड्यावाकड्या मराठी अक्षरात लिहिलं होतं, 'आई आजीला सगळं छान आहे का सांगते? आईने उत्तर दिलं नाही. मला वाटतं आजी रडेल म्हणून. मी पण आईला सगळं छान आहे सांगते.' मी ते तीनदा वाचलं. सई उठून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवली.

वाटी आता माझ्या ओट्यावर असते. भोक असलेली वाटी दुसऱ्या कशाच्या कामाची नाही, तिच्यात ना दही लावता येतं ना मीठ ठेवता येतं. गेल्या रविवारी सकाळी घरात कोणी नव्हतं. मी पोहे केले, वरून शेव घातली, एक बशी समोरच्या जागेवर ठेवली. पातेल्यात पाणी घेतलं आणि वाटी सोडली. माईनं सुमनकाकूंसाठी कोरून घेतलेली अक्षरं पाण्याच्या वर होती. मी म्हटलं, "काका, मी चुकले. हात वर करायला नको होता मी. मला माफ करा."

एवढंच होतं. वाटीत अजून पाण्याचा थेंबसुद्धा नीट जमला नव्हता. सहा वर्षं जे मला उचलवत नव्हतं ते बोलायला इतका कमी वेळ लागतो... उरलेला सगळा वेळ मी ओट्याला टेकून तिच्याकडे बघत उभी राहिले. पाणी चढत गेलं, अक्षरं एकेक करून आत गेली, वाटी कलली, बुडाली, टण् झालं. नियमाप्रमाणे आता त्यांची पाळी होती. मी थांबून राहिले.